आवळलेली स्प्रिंग

फिटर चिडला की बोलत नसे, पाना हातात घेई. तीस वर्षं त्याने कारखान्यात नट आवळले होते, आणि जगातली निम्मी दुखणी ढिलेपणातून येतात अशी त्याची पक्की समजूत होती. नळ गळतोय? आवळ. खुर्ची डुगडुगतेय? आवळ. या एका मंत्रावर त्याने अख्खी नोकरी काढली, आणि ताठ मानेने काढली.

आज मात्र तो सकाळपासून आपल्याच हातच्या यंत्रावर धुमसत होता. भंगारातल्या मोटारी, पडद्याच्या सळया आणि कपाटाची एक फळी यांतून त्याने ते उभं केलं होतं. प्लास्टिकची तार वितळवायची, थरावर थर चढवायचा आणि वस्तू घडवायची, हे त्याचं काम. एक दातेरी चाक तार ओढी, एक स्प्रिंग तिला चाकावर दाबून धरी, खाली तापलेली तोटी. कारभार एवढाच. पण बोटभर उंची चढली की मोटार टक टक करी, तार अडे आणि तोटी कोरडीच हवेत फिरत राही.

बनत होती ती कात्रीची मूठ. त्याची बायको टेलर. वर्षापूर्वी तिच्या उजव्या हातावरून वारं गेलं आणि कात्रीच्या भोकात अंगठा जाईना. चारही बोटं एकदम मावतील अशी रुंद मूठ त्याने योजली होती. आणि ती आजच हवी होती, कारण चार वाजता मेहुणी शिलाई मशीन न्यायला येणार होती. बायकोनेच तिला फोनवर सांगितलं होतं, "घेऊन जा. इथे पडून गंजण्यापेक्षा तुझ्याकडे चालेल तरी."

ते ऐकल्यापासून फिटर यंत्रापासून हलला नव्हता.

त्याने तोटी बदलली. टक टक. आच वाढवली. टक टक. तार विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी पाना घेतला आणि स्प्रिंग आणखी दोन फेरे आवळली.

"किती आवळाल?" दारातून बायको म्हणाली.

"तू यात पडू नकोस. तार घसरतेय."

"घसरणारच. चाकाखाली बघा, भुसा पडलाय. दाते तार ओढत नाहीत, कुरतडताहेत. माझ्या मशीनवर कापडाला दाब जास्त झाला तर कापड पुढे जातं का? अडतं आणि चुरगळतं. दात्यांत लव भरली की आणखीच अडतं. कुठल्याही शिकाऊ पोरीला कळतं हे."

"तुझं शिवणकाम वेगळं, हे यंत्र वेगळं!"

"आणि माझा हात?" तिचा आवाज चढला. "तोही यंत्रच ना? रोज सकाळी चेंडू हातात देता आणि वरून स्वतःची मूठ आवळता. दाब, दाब, दाब! मी रडकुंडीला येते, आणि तुम्हाला वाटतं जोर कमी पडतोय. कंटाळले म्हणून दिलं मशीन. हातामुळे नाही, तुमच्यामुळे!"

फिटरने पाना फळीवर आदळला आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. कानशिलं तापली होती. राग तिच्यावर होता, यंत्रावर होता, आणि हळूहळू, नदीचं पाणी उताराला लागावं तसा, तो स्वतःवरच वळत होता.

तो आत आला तेव्हा बायको मशीनच्या खणातला छोटा ब्रश डाव्या हातात धरून उभी होती. त्याने तो घेतला. कुरतडलेला तुकडा कापून टाकला, दाते झाडले, पिवळा भुसा फुंकला. मग स्प्रिंग सैल केली. एक फेरा, दोन, तीन. प्रत्येक फेऱ्याला त्याचा जीव कासावीस झाला.

तार सरकली. टक टक थांबलं.

"हं," तो घुश्शातच म्हणाला.

मेहुणी आली तेव्हा शेवटचे थर चढत होते. मशीन गुंडाळायला तिने जुनी चादर आणली होती. "भाऊजी, उचलायला हात लावता का?"

"बस जरा," बायको म्हणाली.

फिटरने गरम मूठ सोडवली, कात्रीवर बसवली आणि बायकोपुढे धरली. त्याचा हात सवयीने तिच्या बोटांवर जाऊ लागला, तेवढ्यात तिने नुसतं वर पाहिलं. त्याने हात पाठीमागे नेला आणि तिथेच आपलं मनगट घट्ट धरून ठेवलं.

तिची बोटं मुठीत शिरायला बराच वेळ लागला. मग तिने समोर होतं ते कापड ओढलं. कर्रकन् आवाज झाला. वीतभर काप, नागमोडी, पहिल्या दिवशी शिकणारीने कापावा तसा.

"ताई! माझी चादर!" मेहुणी ओरडली.

"मग आता मशीन कशात नेशील?" बायको म्हणाली आणि कात्री पुन्हा उघडली.