बंबाच्या अंगची वीज

वायरमनची आणि बंबाची पहिली भेट झाली तेव्हा वायरमनचे पाय जमिनीवर नव्हते. ते दोन हात वर लोंबकळत होते, कारण त्याची कॉलर बंबाच्या मुठीत होती. त्या उंचीवरून, म्हणजे साधारण पंख्याच्या पात्यांच्या शेजारून, त्याने आपल्या भावी मेहुण्याचं टाळकं प्रथम पाहिलं आणि त्यातून वाफ निघत होती, असं तो पुढे शपथेवर सांगायचा. गुन्हा एवढाच, की कोल्ड स्टोरेजचं मेन स्विच दुरुस्त करायला आलेल्या या माणसाने वजनकाट्यावरच्या बाईंकडे तिसऱ्यांदा पाणी मागितलं होतं. बाई बंबाची थोरली बहीण. तिने जागेवरूनच सांगितलं, "खाली ठेव त्याला. मला पसंत आहे." म्हणून वायरमन वाचला आणि नवरा झाला.

बंब माशांच्या पेट्या उचलायचा. उणे अठरा अंशांत बाकीचे हमाल दोन-दोन कोट चढवून दर दहा मिनिटांनी बाहेर पळायचे, हा एका बनियनवर अर्धा अर्धा तास आत. अंग कायम तापलेलं आणि डोकं अंगापेक्षा दोन अंश पुढे. त्याने तीन ट्रक ड्रायव्हर बडवले होते, एक मुकादम बडवला होता आणि सुटे पैसे गिळले म्हणून चहाचं यंत्रही बडवलं होतं. फ्रीजरच्या दाराचा आतला दांडा एकदा अडकला, तर त्याने तो मुळासकट उपटून मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तो परत बसवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. हाच माणूस बहिणीच्या घरी गेला की मांडी घालून भाचीच्या वह्यांना कव्हरं घालायचा, आणि एक घडी चुकली तर मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात करायचा.

वायरमनला कुठूनसं कळलं, की माणसाच्या अंगच्या उष्णतेपासून वीज काढता येते. त्यासाठी छोट्या चकत्या मिळतात. एक बाजू अंगाला लागून तापली आणि दुसरी थंड राहिली, की त्या फरकातून करंट निघतो. त्याने साठ चकत्या एका बंडीवर शिवल्या आणि ती बंबाला चढवली. घरातल्या उकाड्यात काजव्याएवढाही उजेड पडला नाही.

"अंग गरम, घरही गरम. फरक येणार कुठून?" वायरमन हळहळला.

"मग मला काय फ्रीजरमध्ये उभं करणार, भावोजी?" बंब म्हणाला.

वायरमनचे डोळे चमकले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघं आत शिरले. बंबाने उघड्या अंगावर बंडी चढवली आणि तिला जोडलेला दिवा भक्कन लागला. वायरमनला तेवढ्याने समाधान नव्हतं, त्याला आवाज काढून दाखवायचा होता. आत कुणी अडकलं तर आतलं बटण दाबून बाहेर वाजवता यावा म्हणून दारावर एक भोंगा लावलेला होता. तो त्याने सकाळीच काढून आणला होता. भोंगा बंडीला जोडल्याबरोबर बकरीसारखा ओरडला. दोघं पोट धरून हसत असताना बाहेरून वॉचमन चालला होता. दार अर्धवट उघडं दिसलं. दुसऱ्याचा गारवा वाया जाऊ नये म्हणून त्याने ते लावलं, बाहेरची कडी घातली आणि जेवायला गेला.

"उघड रे," वायरमन म्हणाला.

"दांडा नाही."

"मग बटण दाब."

बंबाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग त्याने छातीवर लोंबणाऱ्या भोंग्याकडे पाहिलं.

"भावोजी, हा कुठला?"

पहिली थोबाडीत तिथे पडली. वायरमन पेट्यांच्या थप्पीवर आदळला आणि ओठ फुटलेल्या अवस्थेतही त्याच्या लक्षात आलं, की भोंग्याचा आवाज चढला आहे. बंबाने मोर्चा दाराकडे वळवला. पत्र्यावर रक्ताचे ठसे उमटेपर्यंत तो बुक्क्या मारत राहिला. अर्ध्या तासाने दम संपला. तो खाली बसला. ओठ निळे पडले, भोंगा कण्हायला लागला.

"जरा टेकतो," बंब म्हणाला.

इथे टेकलेला माणूस उठत नाही, हे वायरमनला ठाऊक होतं. अंगात पातळ स्वेटर घालून आलेल्या त्याची स्वतःची बोटं केव्हाच गेल्यासारखी झाली होती. भोंगा थांबला तर दोघंही माशांच्या हिशेबात जाणार होते.

"बसलास? माझ्या आजीत याहून जास्त करंट होता."

बंब उठला आणि त्याने एक दात पाडला. भोंगा सुधारला.

"अख्खी हमाली बहिणीच्या वशिल्याने मिळालेली," वायरमन थुंकत म्हणाला. लाथेने बरगडी कडकन वाजली, पण भोंगाही वाजला. असं तासभर चाललं. वायरमन तोंडाने देत होता आणि सगळ्या अंगाने घेत होता. शेवटी बंबच थकून हसला.

"कळतंय मला तुमचं, भावोजी. आता राग येत नाही. खरंच."

बंबाचे डोळे मिटत चालले. वायरमनकडे एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती खरी होती.

"दोन वर्षांपूर्वी तुझं लग्न मोडलं," तो म्हणाला. "मुलीच्या बापाला जाऊन मी सांगितलं होतं. हा माणूस हात उचलतो, मुलगी देऊ नका म्हणून."

त्या नकारानंतर बंबाने महिनाभर कुणाला बोटही लावलं नव्हतं. घरी सगळ्यांनी ते पाहिलं होतं.

बंब सावकाश उठला. यापूर्वीचा मार घरगुती होता, असं म्हणायची पाळी आली. त्याने वायरमनचा हात मागे पिळून खांद्यातून उखडला, त्याचं तोंड बर्फाळ पेटीवर दोनदा आपटलं आणि गळा धरला. भोंगा एकसारखा किंचाळत होता. डोळ्यांपुढे अंधारी येताना वायरमनच्या मनात एवढंच होतं, की बायको बाहेर काट्यावर बसली आहे, तिला आवाज जाईल.

दार उघडलं. दारात ती उभी होती. तिने भावाला केसांना धरून मागे ओढलं आणि नवऱ्याला फरपटत बाहेर काढलं.

"ऐकलास ना भोंगा?" वायरमनने उरलेल्या तोंडाने विचारलं.

"कसला भोंगा?" ती म्हणाली. "तीनची गाडी भरायची आहे, म्हणून दार उघडलं."

वीतभर जाडीच्या दारातून काहीही बाहेर आलं नव्हतं. वायरमनचे तीन दात आणि दोन बरगड्या गेल्या. बंबाने त्याच आठवड्यात दुसऱ्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली. त्याने लग्न केलं नाही, आणि वायरमनशी तो पुन्हा बोलला नाही.