पुढल्या भरतीचं खोटं

मॅट्रिकचा निकाल लागला त्या वर्षी मी मित्राबरोबर नगरला सैन्यभरतीला गेलो. पलटणीत जायचं वेड त्याचं होतं. घोडेगावच्या रस्त्यावर तो वर्षभर रोज पहाटे धावला होता. मी नुसता सोबत म्हणून गेलो होतो.

धावण्यात तो माझ्या बराच पुढे आला. नंतर डॉक्टरांनी पाय जुळवून उभं राहायला सांगितलं, तेव्हा त्याचे गुडघे एकमेकांना टेकले. तेवढ्या दोषावरून त्याला तिथूनच परत पाठवलं, आणि मी निवडला गेलो.

 परतीच्या एसटीत तो म्हणाला, "आईला सांगू नको. पुढल्या भरतीला बोलावलंय म्हन."

मी त्याच्या आईला, काकीला, तसंच सांगितलं. मी निघालो त्या दिवशी ती स्टँडवर आली आणि म्हणाली, "तिथल्या सायबाच्या कानावर याचं नाव घाल, बाबा." मी मान हलवली. मित्र शेजारीच जमिनीकडे बघत उभा होता.

ट्रेनिंगभर मला ते खोटं टोचत राहिलं. पहिल्या रजेवर आलो तेव्हा मित्र साखर कारखान्यात कामाला लागला होता. मी आधी त्याच्या घरी गेलो आणि काकीला सगळं खरं सांगितलं.

"मला ठाव हाय," ती चुलीपाशी बसूनच म्हणाली. "तू गेल्यावर आठ दिवसांनी त्यानंच सांगितलं. लई रडला. त्याचं मी समजू शकते. पन तू माझ्या तोंडावर खोटं का बोललास?"

 मी उठलो, तेव्हा तिनं थांब म्हटलं नाही.