नळावरचा ळ

गिरगावातल्या आमच्या शाळेचं हॉटेल झालं, त्याचे नकाशे मी काढले. हे आजवर कुणालाही मी आपणहून सांगितलेलं नाही. बाहेरच्या फलकावर आमच्या फर्मचं नाव होतं, माझं नव्हतं... आणि मला ते सोयीचंच होतं.

टिपणीस बाई गेल्याचा निरोप महिन्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला. पाचवी ते सातवी त्यांनी आम्हाला मराठी शिकवलं. निरोप वाचून रडू आलं, पण छातीवर दडपण आलं नाही. बाई वर्षभर आधी गेल्या असत्या, तर मी हे लिहायला बसूच शकलो नसतो.

पटावर मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली आणि ट्रस्टने इमारत हॉटेलवाल्यांना दिली. काम आमच्याकडे आलं तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणी केलं तर लाकडी जिनासुद्धा ठेवणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली... खरं म्हणजे काम मोठं होतं आणि मला ते हवं होतं. त्याच दिवसांत शाळेची इमारत कशी वाचवायची म्हणून आमचा वर्ग बाईंच्या घरी जमायचा. माझा बाकावरचा जोडीदार सुन्या पेटायचा, "कोण रे हा आर्किटेक्ट? एकदा भेटू दे नुसता!" मी पोह्यांच्या बशीत बघत "असेल कुणीतरी" म्हणायचो. बाई मला आणखी पोहे वाढायच्या. त्यांना कळलं तर त्या मोडून पडतील, या भीतीने पुढे मी त्यांच्याकडे जाणंच कमी केलं.

हॉटेल सुरू झाल्यावर त्यांचाच फोन आला. "गावडे, मला दाखवून आण. चहा तू पाजायचास." टाळता येईना. दारात फेटेवाला वाकून "पधारिये" म्हणाला. "बाळा, उशिरा येणाऱ्यांसाठी या दारात मी उभी असायचे," बाईंनी त्याला मराठीतच सुनावलं. आत झरोके, पितळी हत्ती, झोपाळे. सातवी 'ब'मध्ये राजेशाही पलंग. बाईंनी गादी दाबून पाहिली. "इथे पोरं तेव्हाही झोपायचीच. फुकट!" सगळ्या पाट्या दिल्लीहून तयार होऊन आलेल्या, कोपऱ्यात तिथल्या कारखान्याचं नाव. बारचं नाव 'फला', जेवणघराचं 'थाली'. प्रत्येक पाटीपुढे थांबून बाई पुटपुटायच्या, "ळ खाल्ला मेल्यांनी." असं करत व्हरांड्यात आलो. मुलांच्या उंचीचे पितळी नळ मी तिथे तसेच ठेवले होते, आणि वर छोटी पाटी, 'नळ'. ती एकच मी इथे, समोर उभं राहून करून घेतली होती. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, वाकून तोटी फिरवली. पाणी आलं.

"हा ळ दिल्लीचा नाही," त्या म्हणाल्या. "इथे ओंजळीने पाणी प्यायलेल्याचा आहे. तूच ना रे?"

मी मान डोलावली. "रागावलात, बाई?"

"शाळा पोरं नव्हती म्हणून बंद पडली, गावडे. तुझ्यामुळे नाही. एवढं मोठं काम केलंस आणि पोह्यांत तोंड खुपसून बसायचास होय!" ओल्या हाताचा एक धपाटा पाठीत बसला. "आणि मला नको सांगूस. वर्गाला सांग. उभा राहून."

आमच्या वर्गात ही बाईंची रीतच होती. बाकावर बसल्या बसल्या दिलेली कबुली त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांना घरी सोडून मी चर्नी रोडपर्यंत चालत गेलो. पाठ अजून ओली होती, आणि कितीतरी दिवसांनी मला श्वास पुरत होता.

बाईंची बाहेरची खोली त्यांच्या मुलीने आमच्या वर्गाच्या बैठकांसाठी उघडी ठेवलीय. रविवारी सगळे तिथे जमतात, सुन्याही असतो. इथे हे सगळं मी लिहिलं, पण बसून लिहिलं. त्या खोलीत उभं राहून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.