सावडीतून माफी

माझा उजवा गुडघा सरकारच्या मते ठणठणीत आहे. आणि नसलाच, तर तो फौजेमुळे नाही, वयोमानाने बिघडला आहे. बिघडला तेव्हा मी तिशीच्या आतला होतो. बर्फातल्या चौकीवर रॉकेलचा कॅन चढवताना पाय सटकला, गुडघा पिरगळला, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी ताठ उभा राहून "ठीक है साब" म्हणालो. फौजेत दुसरं उत्तर नसतंच. त्यामुळे कुठे नोंदही झाली नाही.

निवृत्त होऊन डोळखांबकडच्या माझ्या गावी परतलो. नोकरीची पेन्शन सुरू झाली, अपंगत्वाच्या वेगळ्या पेन्शनसाठी अर्ज केला. नाकारला. अपील केलं, तेही नाकारलं. मग पुन्हा डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं केलं. त्यांनी गुडघा वाकवून पाहिला, कळ मस्तकात गेली, तरी जुन्या खोडीने मी तोंड मिटून बसलो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "वरडायचं तरी व्हतं." दोघंही हसलो. महिन्याभराने पुन्हा नकार आला, तेव्हा कुणी हसलं नाही.

गावात वेगळीच पंचाईत. आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. आपल्याकडे ज्या घरची माणसं आली, त्या घरी तितकीच माणसं घेऊन जायचं. मला चिखलात वाकवत नाही, म्हणून बायको स्वतःची सावड फेडायची आणि जादा दिवस जाऊन माझीही. बांधावरून कुणीतरी म्हणायचंच, "फौजीचं बरं हाय. पेन्शन खातो न् ओटीवर बसतो." मी चडफडायचो, पण सांगणार कुणाला? माझ्या तुकडीतले सोबती परराज्यांत पांगलेले. फोनवर सुरुवातीला तास तास बोलायचो. आता सणाला मेसेज येतो.

गेल्या वर्षी इरेला पेटून भाताच्या खाचरात उतरलो. दुपारपर्यंत तग धरला, मग गुडघा असा अडकला की चिखलातून पाय निघेना. आमच्या बांधाला लागून शेत असलेल्या काकांनी काखेत हात घालून मला वर आणून बसवलं. सगळे पुन्हा लावणीला वाकले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

यंदा त्याच काकांची लावणी होती. मी सकाळीच तयार होऊन बसलो, तर काका अंगणात आले.

"तू नको येव रे," ते म्हणाले. "तुझी सावड आता नाय धरायची. हिची एक आली का झाली."

"कोणी ठरवलं?"

"सगल्यांनी. तुला नाय जमत, ते आमाला दिसतं ना."

ना एक्स-रे, ना मंडळ, ना अपील. जे पदरात पाडून घ्यायला मी वर्षानुवर्षं उंबरे झिजवतोय, ते गावाने उभ्या उभ्या मान्य केलं. बायकोच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं दिसलं, आणि ते रास्तच होतं. मी आनंदी व्हायला हवं होतं. ती काकांबरोबर गेली. मी ओटीवर बसलो. खाली खाचरातून हसण्याबोलण्याचे आवाज येत राहिले. इतकं एकटं मला चौकीवरही वाटलं नव्हतं. तिथे निदान पहाऱ्याला माझी पाळी यायची.

संध्याकाळी ती आली, हातपाय धुऊन शेजारी टेकली. "अवो, नवीन अपील लिवायचंय ना? बाजाराला शहापूरला जाऊ, तवा टाकू पोष्टात."

मी कागद घेतला. 'मला शेतीचे कोणतेही काम होत नाही' हे वाक्य आजवर प्रत्येक अर्जात मी ठणकावून लिहीत आलो, वकिलाने मुद्दा मांडावा तसं. त्या दिवशी तिथवर आलो आणि हात थांबला. तिनेच माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ते वाक्य लिहिलं.