अप्पांनी टाकलेला रुमाल

सुरुवातीलाच माफी मागतो. गेलेल्या माणसावर लिहायचं तर लिहिणारा त्याच्या बरोबरीचा असावा, नाहीतर घरातला तरी असावा. मी मल्लिनाथ अप्पांचा यांपैकी कुणीच नाही. उमरग्याच्या आमच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी तिथला एक विद्यार्थी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं वर्तमानपत्राच्या पुरवणीत असं लिहायचं असतं ते कसं, हेही मला नीट ठाऊक नाही. अप्पांना माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं उमरग्यात पुष्कळ आहेत. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही. अभ्यासाला बसतो, पुस्तक उघडतो, तसाच बसून राहतो… थकवा आल्यासारखं झालंय.

बेंबळीहून मी उमरग्याला आलो तेव्हा संगणक मी खिडकीच्या बाहेरून पाहिलेला होता, म्हणजे दाखल्यासाठी रांगेत उभं राहिल्यावर आतल्या माणसाच्या टेबलावर दिसतो तेवढा. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी सगळं इंग्रजीत सांगितलं आणि ते निघून गेले. मी हात मांडीवर ठेवून बसून होतो. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलेला, पांढरा शर्ट पँटीबाहेर सोडलेला एक माणूस शेजारी येऊन उभा राहिला आणि गाव विचारलं. मी सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, बेंबळीकर म्हणूनच हाक मारली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुनी, बाजूचा पत्रा काढलेली मशीन सतत घरघरत असायची. तिच्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ही फाइल तुझ्याम्होरं दिसती, पर ती तुझ्या मशिनीत न्हाय. ती त्या कोपऱ्यात हाय. तू इथं बसून तिथलं लिहितोस. उद्या तू बेंबळीला बसलास तरी तिथलंच लिहिशील." मला ते खरं वाटलं नाही. पुढं कळलं, की वेबडॅव्ह नावाची एक जुनी पद्धत आहे. तिच्यामुळं लांबच्या मशिनीवरचं फाइलींचं कपाट आपल्याच घरातलं असल्यासारखं उघडता येतं, फाइल काढता, ठेवता, बदलता येते, आणि अनेकांना एकाच फाइलीवर काम करता येतं. अप्पांनी ती कुणाकडून न शिकता, पुस्तकं समोर ठेवून, चुकत चुकत त्या कोपऱ्यातल्या मशिनीवर चालू केली होती. त्यांचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंतचं.

माझ्यासारखी मुलं दरवर्षी येतात आणि हात मांडीवर ठेवून बसतात, म्हणून त्यांनी मराठीत एक पुस्तिका लिहायला घेतली होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला घरी नेऊन वाचता येईल अशी. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी मलाही त्यात घेतलं. ते घरून लिहायचे, मी प्रयोगशाळेतून. आणि मी पहिल्याच महिन्यात घात केला. एका गुरुवारी मी फाइल उघडली आणि तशीच उघडी ठेवून गावी गेलो. शनिवारी परत येऊन एका चित्राखालचा आकडा बदलला आणि जतन केली. मधल्या दोन दिवसांत अप्पांनी त्याच फाइलीत एक अख्खा धडा लिहिला होता. माझ्यासमोर होती ती गुरुवारची प्रत. माझ्या त्या एका आकड्यासकट ती त्यांच्या धड्यावर जाऊन बसली, आणि धडा गेला. दुसरी प्रत नव्हती.

अप्पांनी फाइल खाली सरकवली, वर नेली, पुन्हा खाली आणली. मग उठून बाहेर गेले. मला वाटलं, आता प्राचार्यांकडं जातील. ते दोन चहा घेऊन आले.

"अप्पा, म्या काय केलं ओ?"

"काय न्हाय. माझ्या मांडीवर येऊन बसलास."

मग त्यांनी विचारलं, यष्टी लागली की तू आधी काय करतोस. मी म्हणालो, खिडकीतनं रुमाल टाकतो. ते म्हणाले, फाइलीचंही तसंच हाय. लिहायला बसताना आधी कुलूप मागायचं, तोच रुमाल. आत नाव दिसतं, अमक्यानं जागा धरली हाय. दुसऱ्यानं बघावं, वाचावं, पर बसू नये. आपलं झालं की रुमाल आपणच उचलायचा. मला तेवढ्यातही शंका आली. रुमाल टाकून माणूस आलाच नाही तर?

"तर कंडक्टर उचलतो. पर लगेच न्हाय. आधी इचारतो, ह्यो रुमाल कुणाचा हाय म्हणून."

मी शरमेनं म्हणून गेलो, की तुमचा रुमाल मी कधीच उचलणार नाही. ते हसले. "उचल की. पर इचारून," म्हणाले. माझ्या ध्यानात पहिलं वाक्य राहिलं, माझं स्वतःचं. त्यांचं राहिलं नाही.

तो धडा त्यांनी पुन्हा लिहिला, आणि मला कधी ऐकवलं नाही. नंतर ते निवृत्त झाले. जाताना कोपऱ्यातल्या मशिनीचा पासवर्ड त्यांनी नव्या माणसाबरोबर मलाही दिला. मी पुढं शिकायला नांदेडला आलो. पुस्तिका चालूच राहिली, ते उमरग्यातल्या घरून आणि मी वसतिगृहातून. आमची एक रीत ठरून गेली होती. फाइल मोकळी केली की एक रिंग द्यायची आणि कापायची. फाइल हवी असेल तर दोन वेळा रिंग द्यायची. फोन उचलायचा नाही. बोलणं आता फुकट झालंय, तरी ती रीत आम्ही मोडली नाही. दोन रिंगा आल्या की अप्पा काम आवरतं घ्यायचे आणि तासाभरात एक रिंग यायची. आई एकदा म्हणाली, ह्यो कसला मास्तर, फोन करतो आन् बोलत न्हाय. मी तिला सांगितलं, आम्ही दोघं एकच वही लिहितो. तिला ते पटलं. मला त्याहून चांगलं अजूनही सांगता आलं नसतं.

शेवटचा भेटलो तो त्यांच्या घरी, मागच्या सुटीत. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर संगणक, खाली इन्व्हर्टरची बॅटरी, आणि पडद्याच्या कडेला लाल शाईनं लिहून चिकटवलेली चिठ्ठी: फाइल चालू आहे. मशीन बंद करू नये. त्यालाही कारण होतं. कुलूप ठरावीक वेळानं आपोआप निघतं. मात्र ज्याची मशीन चालू आणि फाइल उघडी असते, त्याची मशीन दर थोड्या वेळानं आपणहून सांगत राहते की माणूस अजून आहे, जागा धरून ठेवा. अप्पांची लिहिण्याची तऱ्हाही तशीच होती. फाइल उघडी ठेवायची, शेजारी वहीत पेनानं सगळं लिहायचं, मनासारखं झालं की मगच एकदम टाइप करायचं. दोन दोन दिवस फाइल धरून ठेवायचे. काकू आळंदकडच्या, अप्पांशी कानडीत बोलायच्या. मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत म्हणाल्या, "ह्यांचा रुमाल हाय तंवर घरात झाडू बी मारायचा न्हाय. वायर हालती म्हणं." अप्पा मान वर न करता म्हणाले, "हालतीच."

त्या दिवशी आमचा थोडा वाद झाला. शेवटचा धडा चालू होता, कुलपावरचाच. त्यात एक वाक्य होतं: माणूस परतला नाही तर कुलूप अमुक मिनिटांनी आपोआप निघेल असे ठेवावे. मी म्हणालो, पंधरा मिनिटं लिहा, मुलं खोळंबतात. अप्पा म्हणाले, माणूस चहाला गेला असंल, जनावर सुटलं असंल, पंधरा मिनिटांत त्याला उठवतोस व्हय. मग किती, मी विचारलं. ते बराच वेळ पेन धरून बसले. आकड्याची जागा त्यांनी मोकळी सोडली, फाइल जतन केली आणि म्हणाले, इचार करून भरतो. निघताना दारापर्यंत आले. मला बसची गडबड होती, मी नीट मागं वळून पाहिलंही नाही.

त्यानंतर आठवड्यानं अप्पांनी फाइल धरली. मी उघडायला गेलो की त्यांचं नाव यायचं. वाचायला मिळायची, आत तीच मोकळी जागा. दोन दिवस गेले, चार गेले, दहा गेले. कॉलेजात नव्यानं आलेल्या सरांचा निरोप आला, नवीन मुलांची प्रॅक्टिकलं सुरू होतायत, पुस्तिका पुरी करून पाठवा, नाहीतर यंदा राहू द्या. यंदा राहिली असती तर पुढच्या वर्षी कुणी विचारलं नसतं, हे मला कळत होतं. इतक्या वर्षांचं काम एका कुलपावर अडलं होतं आणि कुलूप काढायचा पासवर्ड माझ्या वहीत लिहिलेला होता. मी तो काढून बघायचो आणि वही मिटायचो. अप्पा त्या एका आकड्यावर विचार करत बसलेत असंच माझ्या डोळ्यांसमोर यायचं. बाराव्या दिवशी मी दोन रिंगा दिल्या. फोन वाजला, पण परत रिंग आली नाही. मला वाटलं, माझं घाई करणं त्यांना आवडलं नाही. चार दिवसांनी पुन्हा दोन दिल्या आणि मनातून थोडा रागही धरला, हे लिहिताना लाज वाटते. नाव मात्र रोज तिथं होतं. माणूस आहे म्हणून तर नाव आहे, यापलीकडं माझी बुद्धी गेली नाही. सरळ फोन करून विचारावं, तर वडीलमाणसाला घाई केल्यासारखं होईल म्हणून विचारलं नाही… कंडक्टरनं आधी विचारायचं असतं, हे मला सांगून ठेवलेलं होतं.

मागच्या आठवड्यात मी उमरग्याला जाऊन आलो. चिठ्ठी पडद्यावर तशीच आहे. काकूंनी अप्पांची वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर तेच वाक्य चार वेळा लिहिलंय, दरवेळी वेगळा आकडा, आणि चारही खोडलेले. पुस्तिका मी सरांना पाठवली. उशिरा पाठवली, पण त्यांनी घेतली. त्या वाक्यात आकड्याची जागा मोकळीच ठेवलीय. तिथं काय भरावं हे मला अजून ठरवता येत नाही.

आता ती सकाळ सांगतो आणि थांबतो. फाइल धरल्याला चोविसावा दिवस होता. सवयीनं उघडली आणि अप्पांचं नाव नव्हतं. कुलूप निघालेलं. मला बरं वाटलं, अप्पांचं काम झालं म्हणून. रिंगेची वाट पाहिली. आली नाही. फाइलीत पाहिलं तर एक अक्षर बदललेलं नव्हतं, जागा मोकळीच होती. मी अप्पांना फोन लावला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो मधेच कापला नाही, वाजू दिला. खूप वेळ वाजला. मग काकूंनी उचलला.

मी म्हणालो, काकू, मी बेंबळीचा. अप्पा आहेत का?

त्या हळूच म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं न्हाय व्हय?" अप्पांच्या समाजात माणूस वारला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. त्याच शब्दात त्यांनी सांगितलं. अप्पांनी फाइल उघडून वही पुढं ओढली आणि त्याच दुपारी खुर्चीवरच गेले. तेवीस दिवस झाले होते. फोन दोनदा वाजून बंद झालेला त्यांनी ऐकला होता, दोन्ही वेळा. पण तो तुमच्या कामाचा, उचलायचा न्हाय असं ह्यांनीच सांगितलं होतं, म्हणून उचलला नाही, म्हणाल्या.

"मशीन म्या बंद केली न्हाय बघ. चिठ्ठी होती ना. परवापास्नं लाइट गेली, काल ब्याटरी बी उतरली, मग आपसूकच बंद पडली." मग त्यांनी विचारलं, "तुझी फाइल अडकली तर न्हाय ना, लेकरा?"