रवंथ केल्याबिगर सही न्हाय

दुष्काळाच्या वर्षांत मी आमच्या तालुक्याच्या गावी कत्तलखान्यावर जनावरांचा डॉक्टर होतो. जनावर तपासायचं, सही करायची, की ते आत. नवी नोकरी, नाकावर राग आणि हाताला घाई. खोटं कशाला बोलू, सही करताना मी जनावराच्या तोंडाकडं बघतही नसे.

तिथल्या आवाराची राखण मामा करायचे. धनगराघरचे, साठी उलटलेले, रोजंदारीवर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. ठेकेदार तेवढा 'म्हाताऱ्या' म्हणायचा.

एकदा भर उन्हात येरमाळ्याच्या रस्त्यानं ट्रक आला. सात म्हातारे रेडे, दाटीवाटीनं कोंबलेले. सहा कसेबसे उतरले. सातवा खाली पाय टेकताच बसला. तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या, अंग तापलेलं.

"डॉक्टर, मरायच्या आत सही करा, आत्ताच कापून टाकू," ठेकेदार म्हणाला. मी पेन काढलंसुद्धा.

मामा दारात आडवे उभे राहिले. "साहेब, त्यो आजारी न्हाय. दमलाय, भ्यालाय. उद्या सकाळपत्तर ऱ्हाऊ द्या."

"अहो मामा, उद्या मरायचंच आहे ना त्याला!"

"व्हय की. म्हणून तर आज नीट बसू द्या."

ठेकेदार भडकला. "सरक बाजूला, न्हायतर उद्यापासून कामावर येऊ नको!" मामा तसूभर हलले नाहीत. मला लाज वाटली का राग आला कुणास ठाऊक, पण मी पेन खिशात घातलं. म्हणालो, "उद्या मामा इथं दिसले तरच सही मिळेल."

आड आटले होते. मामांनी हापशावरच्या रांगेत घागर लावली. बाया हसल्या, "मामा, कापायच्या जनावराला पाणी व्हय?"

"तहान तर जित्यालाच लागती, बाई."

मग एकीनं आपला नंबर त्यांना दिला.

घोट घोट पाणी पाजलं, पाठीवर ओलं पोतं टाकलं, चारा दिवस कलल्यावर, तोही मूठभर. आवारात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही, ठेकेदारालासुद्धा. काय माणूस होता!

सकाळी गेलो तर रेडा लिंबाच्या सावलीत, डोळे अर्धे मिटून निवांत रवंथ करत बसलेला. ताप उतरला होता.

"आता करा सही," मामा म्हणाले. "रवंथ केल्याबिगर सही न्हाय, एवढं ध्यानात ठेवा."

पेन काढलं आणि हात चालेना. काल त्या फेसाळलेल्या धुडावर सही करायला मला काहीच वाटत नव्हतं. आज ते जनावर माझ्याकडं बघत तोंड हलवत होतं.

"मामा, लई जड जातंय हो."

"जाऊ द्या की. मलाबी रोज जातंय."

मी सही केली. मामांनी कासरा हातात घेतला. रेडा आपणहून उठला आणि त्यांच्या मागं मागं आत गेला.