मूळ वस्तू

भरपाईच्या कार्यालयात बाकावर सात-आठ बायका होत्या. कुणी कुणाच्या ओळखीची नव्हती, तरी प्रत्येकीचा हात ओटीपोटावर त्याच एका जागी होता, जणू आत झोपलेलं काही जागं होऊ नये. माझ्या वहिनींचाही. गर्भाशय सावरायला ऑपरेशनात बसवलेल्या प्लास्टिकच्या सदोष जाळीनं त्यांचं उठणं-बसणं अवघड केलं होतं.

कारकुनानं अर्ज चाळला. "सोनोग्राफीचा फोटो चालत नाही. मूळ वस्तू जोडा. जाळी कुठाय?"

"ती मांसात रुजलीय, निघत नाही म्हणतात डॉक्टर," वहिनींनी सांगितलं.

सरकारला सगळं टाचणीनं टाचता यायला हवं.

"मग पुढच्या वेळी घेऊन या."

"साहेब, घेऊनच आलेय," वहिनी हळूच म्हणाल्या.

बाकावरचे सगळे हात एकदम घट्ट झाले. खाली पाहिलं, तर माझाही हात तिथंच होता. माझं तर कधी ऑपरेशनच झालेलं नाही.